कॅमेरा आहे, पण ताई संडासला गेल्यावर मुलांजवळ कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळणाघरात मुलाला मारहाण झाल्याची बातमी आली की दोन-चार दिवस एकच मागणी गाजते: सीसीटीव्ही सक्तीचे करा. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून पाळणाघर बघायला येणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न ‘कॅमेरा आहे ना?’ हाच असतो. त्या पाळणाघरात कॅमेरा होताच, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहिलेलं नाही. काय घडलं ते कॅमेऱ्यामुळे नंतर कळलं; घडायचं ते घडून गेलं होतं.

घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या आम्ही काहीजणी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. हॉलमध्ये लावावा, मुलं झोपतात त्या खोलीत लावावा. पण राहत्या घरात मुलाच्या जिवावर बेतणाऱ्या जागा मुख्यतः दोन, बाथरूम आणि ओटा. बाथरूममध्ये कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. ओट्यावरचं उकळतं वरण कॅमेऱ्याला दिसलं तरी ते थांबवणारा हात त्याच्याकडे नाही. शिवाय दुपारी एक वाजता आई मीटिंगमध्ये असते, मोबाइलवरचं चित्र बघायला तिला वेळ कुठे? म्हणून पाळणाघर बघायला जाणाऱ्यांनी आधी एक साधा प्रश्न विचारावा: ताई संडासला गेल्या की मुलांजवळ कोण असतं? ‘अहो, पाच मिनिटांचा तर प्रश्न’ असं उत्तर आलं, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

पाच मिनिटं म्हणजे किती, ते बादलीपाशी कळतं. आपल्याकडे अनेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे बादल्या, टब, पिंप भरून ठेवायची सवय घराघरांत आहे. वीस लिटरची बादली साधारण फूटभर उंच. धरून उभं राहायला लागलेलं दहा-अकरा महिन्यांचं मूल सव्वादोन-अडीच फुटांचं. म्हणजे बादलीची कड बरोबर त्याच्या पोटाशी येते. मूल कड धरतं, पाण्यावर चापट मारायला वाकतं. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. तोल पुढे गेला की पाय जमिनीवरून सुटतात, हात पाण्यात जातात, टेकायला काही सापडत नाही. बादली रिकामी असती तर कलंडली असती आणि मूल भोकाड पसरून रडलं असतं. भरलेली बादली कलंडत नाही, कारण आतल्या पाण्याचं वजन मुलाच्या दुप्पट. तोंडच पाण्यात, त्यामुळे आवाज नाही. बाहेर फक्त शांतता पोचते, आणि पाळणाघरात शांतता झाली की ऐकणाऱ्याला बरंच वाटतं. एवढ्या लहान मुलाला बुडायला भरलेली बादलीही लागत नाही, दोन इंच पाणी पुरतं.

उपाय महागडे नाहीत. बाथरूमच्या दाराला बाहेरून, जमिनीपासून पाच फुटांवर कडी. आतली खालची कडी काढूनच टाकावी, कारण दोन-अडीच वर्षांचं मूल ती लावून घेतं आणि मग घाबरून त्याला उघडता येत नाही. पाणी साठवायचंच तर फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या पिंपात. बादलीवर ठेवलेलं ताट म्हणजे झाकण नव्हे. रॉड लावून पाणी तापवणं मुलं घरात असेपर्यंत बंद. फिनेल, अॅसिड कधीही सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. आणि देवघरातला कापूर, कपाटातल्या डांबरगोळ्या मुलाला पेपरमिंटसारख्या दिसतात. कापराचा छोटासा तुकडाही लहान मुलाला झटके आणू शकतो.

स्वयंपाकघराच्या दाराला अडीच फुटी फाटक हवं, एवढं सांगून ओट्याचा विषय आवरता येईल. भाजलंच तर नळाखालचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. हे पुष्कळांना माहीत असतं. पण वीस मिनिटं एका मुलाला नळाखाली धरून उभी असलेली बाई बाकीच्या पाच मुलांना कुठे ठेवणार, याचं उत्तर प्रथमोपचाराच्या पुस्तकात नसतं.

घरगुती पाळणाघरात सगळ्यात धोक्याची वेळ दुपारी साडेबारा ते दीड. एकाला भरवायचंय, एकाचं लंगोट बदलायचंय, बालवाडीतून सुटलेल्या मोठ्या मुलाला व्हॅनवाले काका खाली घेऊन उभे आहेत, तेवढ्यात पार्सलवाला बेल वाजवतो. नेमक्या याच वेळी मुलांच्या तोंडात घास असतो. डबे आईने प्रेमाने दिलेले असतात, आणि त्यांतच धोका असतो: पोह्यांतले अख्खे शेंगदाणे, चिवडा, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, बिया न काढलेली बोरं नि सीताफळ. चार वर्षं पूर्ण होईपर्यंत अख्खा दाणा देऊच नये. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट घातलेलं चालतं, पोह्यांतून दाणे वगळावेत. द्राक्ष उभं चिरून चार फोडी कराव्यात. आडव्या चकत्या केल्या तर त्या तितक्याच गोल राहतात आणि घशात बुचासारख्या बसतात. भरवताना मूल बसलेलं हवं. पळत्या मुलामागे घास घेऊन फिरणं घरी चालत असेल, पाळणाघरात नाही.

ठसका लागला तर काय करायचं, यात गोंधळ फार. मूल खोकतंय, रडण्याचा आवाज येतोय, तर पाठीत धपाटे घालू नयेत, त्याला खोकू द्यावं. आवाज बंद झाला, तोंड उघडं, ओठ निळे पडायला लागले, तर मात्र एक क्षणही थांबू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली धरून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, पुन्हा फटके. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाच फटके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत नि वरच्या दिशेने पाच झटके. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी खाली जातं. एकीने हे करायचं आणि दुसरीने त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा. मूल बेशुद्ध झालं तर सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव टिकवणं), आणि सीपीआर वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे ठसका आला आणि थांबला. दाणा कधी कधी श्वासनलिकेच्या फाट्यात जाऊन बसतो. मूल तासाभरात खेळायला लागतं, संध्याकाळी हसत घरी जातं. आठवड्याने ताप-खोकला येतो आणि न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात, कारण शेंगदाण्याबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ठसक्याची नोंद वहीत हवी: वेळ, काय खात होतं, किती वेळ खोकलं. आणि ती आईला त्याच दिवशी सांगायला हवी. फी जाईल या भीतीने असली गोष्ट दडपणाऱ्या पाळणाघरापेक्षा ‘आज असं झालं’ म्हणून रोज काहीतरी सांगणारं पाळणाघर बरं.

गिळल्या जाणाऱ्या वस्तूंत बटण सेलचं नाव वेगळं घ्यावं लागेल. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी, चकाकणारे बूट, सगळ्यांत तो असतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. लाळ गळतेय, मूल खायला नको म्हणतंय आणि एखाद्या खेळण्याचं झाकण उघडं पडलंय, एवढं दिसलं तरी उलटी न करवता थेट एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

दीड वाजता झोपेची वेळ होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे नोकरदार आईचं बाळ पाळणाघरात येतं ते चार ते सहा महिन्यांचं असताना. नेमकं याच काळात ते कुशीवर वळायला, हाताला येईल ते तोंडात घालायला आणि पहिली पेज खायला शिकत असतं. घरी उताणं झोपणारं बाळ नव्या जागी रडतं, मग त्याला पालथं घालून थोपटलं की पटकन झोपतं, ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती बंद करायला हवी. पालथं झोपायची सवय नसलेल्या बाळाला पहिल्यांदा पालथं घालणं फार धोक्याचं. वर्षापर्यंत प्रत्येक झोप उताणीच, कडक सपाट गादीवर. डोकं गोल व्हावं म्हणून घरून पाठवलेली मोहरीची उशी संध्याकाळी परत द्यावी. दुपटं छातीच्या वर नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग दुमडतो, म्हणून झोळीत डोळा लागला की उचलून गादीवर ठेवावं. खोलीत पडदे ओढून पूर्ण अंधार करू नये. ओठांचा रंग दिसेल इतका उजेड हवा, कारण दर दहा मिनिटांनी जाऊन बघायचं ते तेवढ्यासाठीच: रंग आणि छातीची हालचाल.

आता हे दर दहा मिनिटांचं गणित एकट्या बाईला जमणारं नाही. पहाटे साडेपाचला उठून डबे, धुणं, केर आटोपून आठपासून मुलं सांभाळणाऱ्या बाईचा दीड वाजता थोपटता थोपटता डोळा लागतोच. हा निष्काळजीपणा म्हणायचा की शरीरधर्म, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रडणाऱ्या बाळाचंही तेच. तास-दीड तास अखंड रडणारं मूल कडेवर असताना सहनशक्ती संपते, आणि संपलेल्या सहनशक्तीत बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी योग्य गोष्ट एकच: बाळाला सुरक्षित जागी खाली ठेवून दुसऱ्या माणसाच्या हवाली करणं आणि पाच मिनिटं बाजूला जाणं. दुसरं माणूसच नसेल तर हवाली कुणाच्या करणार?

झोप लवकर यावी म्हणून दुधात जायफळ उगाळून देणं किंवा सर्दीचं औषध पाजणं हेही काही ठिकाणी चालतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या सर्दीच्या जोडऔषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी सूचना छापायला सांगितली आहे. घरी गेल्यावरही मूल रोज पेंगुळलेलं वाटलं, तर पालकांनी स्पष्ट विचारावं.

औषधाच्या बाबतीत चूक पालकांचीही होते. तापाचं पॅरासिटामॉल थेंबांच्या रूपात मिळतं तेव्हा बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आणि पातळ औषधात ५ मिलीत साधारण १२० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम लागतं. ‘पाच एमएल द्या’ अशी तोंडी सूचना आणि पिशवीत थेंबांची बाटली असेल, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणून औषध मूळ बाटलीतूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, नाव, मात्रा, वेळ लिहून आणि सही करून. सकाळी ताप असताना आठ वाजता डोस पाजून ‘आज एकदम फ्रेश आहे’ म्हणून सोडणाऱ्यांना एक विनंती: डोस दिलाय एवढं तरी सांगा. बाराच्या पुढे ताप चढतो तेव्हा शेवटचा डोस कधी झाला, हे ताईंना कळायला दुसरा मार्ग नसतो.

मूल सकाळी आलं की कपडे बदलण्याच्या निमित्ताने अंगावर एक नजर टाकावी आणि असलेली खूण, ओरखडा, सूज पालकांसमोरच वहीत लिहावी. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मापासून निळसर डाग असतात. ते मारल्याच्या खुणेसारखे दिसतात आणि त्यावरून भांडणं होतात. पहिल्याच दिवशी ते नोंदवून ठेवले तर दोघांनाही घोर नाही.

घरगुती पाळणाघर म्हणजे कुणाचं तरी घर, आणि त्या घरात ताईंशिवाय इतरही माणसं वावरतात. त्यांचा विचार पालक संकोचाने टाळतात. नवरा, मोठा मुलगा, गावाहून आलेला भाचा, भाडेकरू: कोण कोण राहतं, दुपारी कोण घरी असतं, हे विचारण्यात अपमान काही नाही. लंगोट बदलणं, आंघोळ, शी-शू ठरलेल्या दोघींनीच करावं, दार उघडं ठेवून. आणि काही संशयास्पद कळलं तर ‘घरातल्या घरात मिटवू’ ही सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असावा.

आता संख्येबद्दल. मातृत्व लाभ कायद्यात आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेली पाळणाघराची तरतूद ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी आहे; शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये चालणाऱ्या पाळणाघराला ती लागू नाही. त्या तरतुदीसाठी केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे, शिवाय मदतनीस आणि पर्यवेक्षिका. घरगुती पाळणाघरवाले यातला दहाचा आकडा उचलतात आणि ‘शिवाय’ विसरतात. जागेच्या हिशेबाने तर दीडशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये डझनभर मुलं मावतात. पण हिशेब जागेचा नाही, हातांचा. जिन्यात धूर भरला तर एक बाई दोन बाळं उचलून खाली नेऊ शकते. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या एकट्या व्यक्तीला आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घेता येतात, त्यांत पाच वर्षांखालची तीन आणि वर्षाखालचं सामान्यतः एकच, आणि तिची स्वतःची मुलंही त्यात मोजतात. आमचं म्हणणं, राज्य सरकारने किंवा महापालिकांनी घरगुती पाळणाघरांची साधी नोंदणी सुरू करावी आणि त्यात कॅमेऱ्याच्याही आधी तीन अटी घालाव्यात: पूर्ण वेळ दोन सज्ञान माणसं, वर्षाखालची बाळं तीनच्या वर नाहीत, आणि दोघींनाही बाहुलीवर शिकवलेलं सीपीआर.

यावर आमच्याच क्षेत्रातून ओरड होईल की दुसऱ्या बाईचा पगार परवडत नाही. खरं आहे, आजच्या फीमध्ये परवडत नाही. समजा सहा मुलं आहेत. प्रत्येकामागे महिना दोन हजार वाढले तर बारा हजार होतात, आणि दिवसभराच्या मदतनीस बाईचा पगार त्यातून निघू शकतो. पाळणाघरांची तुलना करताना जे पालक पाचशे रुपयांनी स्वस्त असलेलं निवडतात, त्यांनी तो फरक कुठून निघाला ते एकदा दुपारी साडेबाराला, न सांगता जाऊन बघावं. न सांगता येऊ न देणारं पाळणाघर असेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत हे सगळं गणित कोलमडतं. एरवी दोन तास येणारी पहिली-दुसरीतली मुलं दिवसभर असतात आणि त्यांच्याबरोबर गोट्या, मणी, खोडरबर, फुगे घरात येतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशाला पडद्यासारखा चिकटतो, तो काढणं फार कठीण. मोठ्यांची खेळणी टेबलावर, बाळं जमिनीवर, एवढी वाटणी तरी पाळावी. सव्वा इंचाच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. मोजायला टिश्यू पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरावी. ती थोडी रुंद असते, तेवढी खबरदारी जास्तच. मोजणी मुलांचीही करावी, मनात नव्हे तर नाव घेऊन, मोठ्याने: आल्यावर, जेवणाआधी, झोपेआधी, उठल्यावर, आणि बाहेरचं दार उघडून बंद केलं की दर वेळी.

दारावरून एक शेवटची गोष्ट. आजकाल बहुतेक फ्लॅटच्या दाराला आपोआप लागणारं लॅच असतं. पार्सल घ्यायला ताई दोन पावलं बाहेर जातात, मागच्या खिडकीचा वारा येतो आणि दार धाडकन लागतं. आत पाच मुलं, गॅसवर वरण, किल्ली खुंटीला. दाराला जड अडसर लावून मगच उंबरठा ओलांडावा, एक किल्ली दोरीने स्वतःच्या गळ्यात आणि दुसरी शेजारी ठेवावी. ते शेजारी गावाला कधी जाणार आहेत, तेही विचारून ठेवावं.

आपल्या,
घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या काहीजणी,
ठाणे–डोंबिवली